पळपुटा, भ्याड, भित्रा : ठाणे परिसराच्या इतिहासातील तीन शब्द आणि त्यांचे इंग्रजी पर्याय

प्रास्ताविक

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकास एकाच तासाला दोन भाषांचे विद्यार्थी शिकवावे लागतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी टिपणे मराठीत काढतो आणि पुढे नोकरीच्या अपेक्षेने उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहू पाहतो. अशा उत्तरपत्रिकांत दुसऱ्या बाजीरावाचे प्रकरण आले की एक अडचण हमखास उद्भवते. शाळेपासून पाठ असलेला 'पळपुटा बाजीराव' इंग्रजीत कसा न्यावयाचा? कोणी 'कावर्ड बाजीराव' लिहितो, कोणी 'टिमिड', कोणी 'फ्युजिटिव्ह', तर एखादा चिकाटीचा विद्यार्थी शब्दकोशातून 'पुसिलॅनिमस' शोधून आणतो. परीक्षक बहुधा या सर्वांना सारखेच गुण देतो, कारण 'अर्थ एकच' अशी त्याची समजूत असते.

अर्थ एकच नाही, एवढेच प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे. वरकरणी हा इंग्रजी व्याकरणाच्या तासाचा विषय वाटेल. तथापि धैर्य नसलेल्या माणसास कोणते विशेषण द्यावयाचे हे ठरविताना आपण त्या माणसाचे कर्तव्य काय होते, ते त्याने कोणाप्रती टाळले आणि त्याची भीती कोणी निर्माण केली हेही ठरवीत असतो. हे सर्व प्रश्न इतिहासाचे आहेत. ते तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वसईचा तह, ठाण्याचा किल्ला आणि टिटवाळ्याची किसान परिषद ही तीन स्थळे जुन्या ठाणे जिल्ह्यातीलच आहेत. (वसई, डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले आहेत. येथे ठाणे परिसर म्हणताना विभाजनापूर्वीचा जिल्हा अभिप्रेत आहे.)

शब्दांची घडण

इंग्रजीतील 'कावर्ड' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी शेपूट या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पायांत शेपूट घालून पळणारे जनावर डोळ्यांसमोर आणले म्हणजे मराठीतील 'शेपूट घालणे' आणि हा शब्द यांची प्रतिमा एकच असल्याचे ध्यानात येते. 'टिमिड' व 'टिमरस' हे शब्द भिणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले आहेत. त्यांत निंदा कमी आणि स्वभाववर्णन अधिक आहे. हरीण टिमिड असते, लहान मूल टिमिड असते. त्यांस कोणी कावर्ड म्हणत नाही. 'पुसिलॅनिमस' म्हणजे शब्दशः अत्यल्प मनाचा. हा विद्वानांचा, ग्रांथिक शब्द आहे. 'क्रेवन' हा शब्द द्वंद्वयुद्धाशी जोडलेला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये द्वंद्वाने न्याय करण्याच्या प्रथेत जो हा शब्द उच्चारी त्याने हार मानली असे समजले जाई. 'डास्टर्ड' या शब्दाचा आरंभीचा अर्थ मंद, जड बुद्धीचा असा होता. पुढे तो भ्याड या अर्थी रूढ झाला आणि त्यापासून झालेले 'डास्टर्डली' हे विशेषण तर आज भीतीपेक्षा कपटाचा व नीचपणाचा बोध करून देते. हा शेवटचा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ठाण्याच्या तुरुंगाशी आल्यावर त्याची गरज भासेल.

मराठीची श्रीमंतीही कमी नाही. भित्रा, भेकड, भ्याड, भेदरट, घाबरट, नेभळट, कचखाऊ, पळपुटा, हिंदीतून आलेला डरपोक, फारसी वळणाचा नामर्द, आणि ज्यांचा उच्चार वर्गात करताना थोडे अवघडल्यासारखे होते ते बायला, बुळा, भागूबाई. यांपैकी शेवटच्या गटाने धैर्य हा पुरुषाचा आणि भीती हा स्त्रीचा गुणधर्म ठरवून टाकला आहे. ज्या बिठूरला 'पळपुट्या' पेशव्याने आयुष्याची अखेरची तीन दशके काढली, त्याच बिठूरच्या वाड्यात पुढे झाशीची राणी झालेली मनकर्णिका वाढली, एवढे स्मरण या संदर्भात पुरेसे आहे.

संस्कृत कोशकारांना ही सूक्ष्मता परिचित होती. अमरकोशात अधीर व कातर हे शब्द एका जोडीत येतात आणि भीरु, भीरुक, भीलुक हे त्रस्त या शब्दासह वेगळ्या गटात येतात. ज्याचे धैर्य सुटले तो निराळा आणि जो मुळातच भिणारा तो निराळा, असा भेद त्यातून सूचित होतो. एकोणिसाव्या शतकात जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश (१८४७) तयार झाले. या कोशांचे ऋण आपण विसरू शकत नाही. परंतु द्विभाषिक कोशाचा स्वभावच असा की तो एका शब्दापुढे चार पर्याय मांडतो व त्यांतील निवड वाचकावर सोडतो. निवडीचे शास्त्र कोशात नसते. ते प्रसंगात असते.

वसई, डिसेंबर १८०२

प्रसंगाकडे वळू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून सिंहगडाकडे गेला, तेथून रायगड-महाडमार्गे कोकणात उतरला, सुवर्णदुर्गाजवळ समुद्र गाठला आणि इंग्रजी जहाजातून डिसेंबरच्या मध्यास वसईला पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. किमान ६,००० तैनाती पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख, हे त्याचे मुख्य कलम. परराज्यांशी व्यवहार करण्याचे स्वातंत्र्यही त्याने गमावले. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या छायेत तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला.

या माणसाची भीती निराधार होती काय? तसे म्हणता येत नाही. त्याचा जन्म १७७५ मध्ये धार येथे, वडील रघुनाथराव परागंदा असताना झाला. बालपण व तारुण्याचा आरंभ नजरकैदेत गेला. एप्रिल १८०१ मध्ये त्याने यशवंतरावांचे बंधू विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी देवविले होते. दीड वर्षाने तेच यशवंतराव विजयी फौजेसह पुण्याच्या वेशीवर उभे राहिल्यावर त्यास सूडाचे भय वाटले, हे मानवी स्वभावास धरूनच आहे. अशा भीतीस इंग्रजीत 'कावर्डिस' म्हणणे अन्यायाचे होईल. भय सकारण असले म्हणजे त्याचे नाव केवळ 'फिअर'.

मग दोष कोठे आला? तो मागे राहिलेल्यांत शोधला पाहिजे. होळकरांनी आरंभी पुण्यात शिस्त राखली; पेशवा परत येत नाही असे दिसताच शहरातून जबर खंडणी वसूल झाली आणि तिचे चटके सावकारांपासून सामान्य रहिवाशांपर्यंत सर्वांनी सोसले. ज्याचे रक्षण करण्याचा अधिकार आणि जबाबदारी पेशवा या पदाबरोबर आली होती, ते शहर पेशव्याने शत्रूच्या स्वाधीन केले आणि स्वतःचे पद वाचविण्यासाठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. 'पळपुटा' या शब्दातील धार येथून येते. पळण्याची क्रिया तीत आहेच. पण त्याहीपेक्षा 'कोणाला टाकून पळाला' हा न उच्चारलेला प्रश्न तीत आहे.

याच कसोटीवर १८१७-१८ ची मोहीम पाहावी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई चालू असताना बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता. त्यानंतर सात महिने तो दक्षिणोत्तर धावत राहिला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टी येथे बापू गोखले यांनी इंग्रजांस अडविले व ते रणात पडले. पेशवा निसटला आणि सातारचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. सेनापती मेला, छत्रपती सापडले, पेशवा वाचला. ३ जून १८१८ रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला आणि ८ लाख रुपयांचे वार्षिक पेन्शन घेऊन बिठूरला गेला. तेथे तो २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. (त्याने दत्तक घेतलेला मुलगा, नानासाहेब, मूळचा कर्जतजवळच्या वेणगावचा. १८५७ मध्ये त्याने काय केले ते सर्वश्रुत आहे. दत्तकाने नाव मिळते, विशेषण मिळत नाही.)

इंग्रज अधिकाऱ्यांनी या पेशव्यासाठी कोणते शब्द वापरले हे पाहणे उद्बोधक ठरते. १८११ पासून पुण्यात रेसिडेंट असलेल्या एल्फिन्स्टनने त्याचे जे स्वभावचित्र रेखाटले त्याचा आशय असा की, धैर्याची उणीव नसती तर हा मनुष्य महत्त्वाकांक्षी व हट्टी निघाला असता; भित्रेपणाने त्याच्या इतर वृत्ती दाबून टाकल्या आहेत. म्हणजे भर 'टिमिडिटी'वर, स्वभावावर आहे. हे चित्र अचूक असेल. एल्फिन्स्टन माणसे ओळखण्यात कच्चा नव्हता. पण त्या शब्दाची राजकीय सोय दुर्लक्षिता येत नाही. 'टिमिड' राजास संरक्षणाची गरज असते, आणि तैनाती फौज ही संरक्षणाच्याच नावाने दिली जात असे. राजा 'कावर्ड' आहे असे म्हटले तर त्याच्याशी तह करणाऱ्याचीही थोडी अप्रतिष्ठा होते. १८१७ मध्ये पेशव्याने शस्त्र उचलताच इंग्रजांची भाषा पालटली आणि करारभंग व विश्वासघात यांचे आरोप पुढे आले. भित्रेपणाची आता गरज उरली नव्हती.

मराठी लोकभाषेने याच माणसाला स्वभावावरून नाव दिले नाही, कृतीवरून दिले. म्हणून 'पळपुटा'चे भाषांतर 'टिमिड' असे करणे म्हणजे पुण्याच्या लोकांची तक्रार खोडून तेथे रेसिडेंटचे मत लिहिणे होय. 'फ्युजिटिव्ह' हा शब्द क्रियेच्या दृष्टीने जवळचा, पण त्यात निंदा नाही. अन्यायी राजवटीतून पळालेला गुलामही फ्युजिटिव्हच असतो. 'कावर्ड' मधील शेपूट आणि 'पळपुटा' मधील पळ यांचे नाते असल्यामुळे तोच शब्द त्यातल्या त्यात बरा. मात्र उत्तरपत्रिकेत विशेषणाऐवजी सरळ वाक्य लिहावे, 'आपली राजधानी व आपला सेनापती मागे टाकून जो पळाला तो पेशवा' अशा अर्थाचे, असा माझा विद्यार्थ्यांना आग्रह असतो. वाक्य लांबते, पण आरोप नेमका होतो आणि तो सिद्धही करता येतो.

माघार कोणाची, पळ कोणाचा

येथे एक आक्षेप घेतला जाईल. पळणे हाच दोष असेल तर १६८९ मध्ये रायगडाहून निघून जिंजी गाठणाऱ्या राजाराम महाराजांना काय म्हणावे? त्यांच्याही मागे येसूबाई व बाल शाहू राहिले आणि ते मोगलांच्या हाती पडले. तरीही त्या प्रवासास कोणी पळपुटेपणा म्हटले नाही. कारण असे की परंपरेनुसार तो निर्णय खुद्द येसूबाईंच्या सल्ल्याने झाला होता आणि जिंजीस पोहोचल्यावर राज्य चालू राहिले. मागे राहिलेल्यांची संमती आणि पुढे गेलेल्याचे कार्य, या दोन गोष्टींनी त्याच क्रियेचे नाव बदलले. १६६६ मधील आग्र्याच्या प्रसंगास आपण 'सुटका' म्हणतो, तेही याच न्यायाने. गनिमी काव्याच्या परंपरेत वाढलेल्या भाषेला पळण्याचे वावडे नव्हते. म्हणून तिच्यापाशी निसटणे, पसार होणे, पोबारा करणे, काढता पाय घेणे, माघार घेणे, पाठ दाखविणे अशी क्रियापदांची उतरंड आहे आणि प्रत्येकाचे मोल निरनिराळे आहे.

इंग्रजी इतिहासग्रंथांची उतरंड आपल्या बाजूला झुकलेली असते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७८० मध्ये कल्याण घेतले. या दोन यशांच्या दरम्यान जानेवारी १७७९ मध्ये वडगाव घडले. रघुनाथरावास गादीवर बसविण्यासाठी निघालेली मुंबईची फौज तळेगावपर्यंत पोहोचली आणि ११ जानेवारीच्या रात्री, तोफा तळ्यात टाकून, परत फिरली. पुढे वडगाव येथे तिला शरणागतीचा करार करावा लागला. एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्डची फौज बोरघाटातून पनवेलकडे उतरत असताना परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजांनी तिचे लचके तोडले. मेलेले व जखमी मिळून ४०० हून अधिक माणसे इंग्रजांनी गमावली. या दोन्ही घटनांसाठी इंग्रजी ग्रंथांतून मुख्यतः 'रिट्रीट' हाच शब्द येतो. मराठे त्याच रीतीने मागे सरले की 'फ्लाइट' येतो. अर्थात कंपनीच्या संचालकांची फसगत झाली नव्हती. त्यांनी वडगावबद्दल कार्नाक, एगर्टन व कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकले. ग्रंथांतील शब्द सौम्य असला तरी शिक्षा सौम्य नव्हती.

त्याच मोहिमेत ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्या शत्रूस 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले आणि ते आजतागायत टिकले. पेशव्याला पळपुटा म्हणणारी आणि इंग्रज कप्तानाला फाकडा म्हणणारी भाषा एकच आहे. शब्द देताना तिने जात, धर्म वा निशाण पाहिले नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

ठाण्याचा किल्ला आणि 'भ्याड'

ठाणे स्थानकापासून फार दूर नसलेले आजचे मध्यवर्ती कारागृह हाच जुना किल्ला. पोर्तुगीजांचे बांधकाम चालू असतानाच मार्च १७३७ मध्ये तो चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. पुढे तो इंग्रजांकडे जाऊन तुरुंग झाला.

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास खून झाला. बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर संशय आला. एल्फिन्स्टनने त्याची मागणी लावून धरली आणि सप्टेंबर १८१५ मध्ये पेशव्याने आपला माणूस इंग्रजांच्या हवाली केला. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले व पहाऱ्यावर गोरे शिपाई नेमले, हेतू हा की एतद्देशीयांशी संगनमत होऊ नये. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री तो निसटला. बिशप हेबर १८२४ मध्ये चुनारच्या किल्ल्यात त्रिंबकजीस भेटले; त्यांच्या प्रवासवृत्तान्तात सुटकेची जी कथा आली आहे ती प्रसिद्ध आहे. खिडकीखाली घोड्याची मालिश करणारा मोतद्दार मराठीत गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोहोचत असे. पहारेकऱ्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते. भाषा न समजल्यामुळे साम्राज्याचा कैदी हातचा गेला याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

त्रिंबकजीही पळाला, पण मराठीने त्याला पळपुटा म्हटले नाही. त्याच्यावर इतर पुष्कळ दोष ठेवता येतील. मात्र ठाण्याहून पळताना त्याने मागे कोणाला टाकले नव्हते. उलट त्याच्या धन्यानेच त्याला टाकले होते.

शंभर वर्षे उलटण्यापूर्वी याच भिंतींआड निराळे नाट्य घडले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडून वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कान्हेरे अवघा अठरा वर्षांचा होता. भरल्या नाट्यगृहात, पळून जाण्याची आशा नसताना, समोरून गोळी झाडणाऱ्याच्या ठायी धैर्य नव्हते असे म्हणता येणार नाही. कृत्य योग्य की अयोग्य हा प्रश्न स्वतंत्र आहे. परंतु राजकीय हत्यांसाठी त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्री भाषेत 'डास्टर्डली' आणि 'कावर्डली' ही विशेषणे जवळजवळ ठशासारखी वापरली जात. नि:शस्त्र अथवा बेसावध माणसावर हल्ला, एवढाच अर्थ त्या शब्दांत उरला होता. कर्त्याच्या भीतीशी त्यांचा संबंध तुटला होता.

आज मराठी वृत्तपत्रांत 'भ्याड हल्ला' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. मला तो या इंग्रजी ठशाचाच अनुवाद वाटतो. 'भ्याड' हा शब्द भिणे या क्रियेच्या कुळातला. त्याच्या घडणीत कपट, दगा, निर्घृणता यांपैकी काहीही नाही. दगाबाज हल्ल्याला 'दगा' हा शब्द मराठीत पूर्वापार होता, आणि तो पुरेसा कठोरही होता. निषेध तीव्र करण्याच्या भरात आपण हल्लेखोराला भित्रा ठरवितो, आणि मग त्याच्या क्रौर्याचे मूळ शोधण्याची वाटच बुजते. या ठिकाणी इंग्रजीने मराठीकडून शब्द घेतला नाही, मराठीने इंग्रजीचा गोंधळ मात्र घेतला.

भित्रा : टिटवाळा ते तलवाडा

तिसरा शब्द सर्वांत सौम्य, म्हणून सर्वांत धोक्याचा. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरकारांनी प्रत्येक जातिजमातीच्या नावापुढे तिच्या स्वभावाची चार-दोन विशेषणे लिहिण्याची प्रथा पाडली. कोणी कष्टाळू, कोणी उधळे, कोणी निरुपद्रवी. मेकॉलेने १८४१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाची जी निर्भर्त्सना केली ती याच वृत्तीची अधिक अलंकृत आवृत्ती होय. पुढे 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धान्ताने या विशेषणांना लष्करभरतीच्या नियमांचे बळ दिले. कोकणातल्या डोंगरपट्टीतील आदिवासी भित्रा असतो, ही समजूत जमीनदार, जंगल कंत्राटदार आणि सरकारी अंमलदार या सर्वांना सारखीच सोयीची होती.

डहाणू, तलासरी व उंबरगाव (हा भाग आता गुजरातेत आहे) येथील वारली भीत असे, यात संशय नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी तो लग्नगडी म्हणून पिढ्यानुपिढ्या सावकाराच्या घरी राबत असे. वेठबिगार नाकारल्यास मार ठरलेला असे. ही भीती त्याच्या रक्तातली नव्हती, ती रोज नव्याने घातली जात होती. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची स्थापना परिषद भरली. तेथे काही वारली आले होते. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा संबंध जुळला, आणि मे १९४५ मध्ये झरी येथे भरलेल्या सभेत वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. लग्नगडी मुक्त होऊ लागले. टिटवाळा आणि झरी यांत अंतर फार तर चार-पाच महिन्यांचे. स्वभाव चार महिन्यांत पालटत नाही. पालटली ती परिस्थिती.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मृत्युमुखी पडले. गोळ्या झाडल्या जात असतानाही जमाव चटकन पांगला नाही. लोक जागीच बसून राहिले. या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात लिहिली असून त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या प्रकरणावर इंग्रजीत लिहिताना १९४५ पूर्वीच्या वारल्यासाठी 'टिमिड' हा शब्द विद्यार्थ्याच्या हाताशी सहज येतो आणि कोशाच्या दृष्टीने तो चूकही नाही. परंतु 'टिमिड' म्हणजे जन्मतः भित्रा. येथे हवा आहे तो भीती घातलेला, दहशतीखाली ठेवलेला या अर्थाचा शब्द. इंग्रजीत त्यासाठी 'काउड', 'इंटिमिडेटेड', 'टेरराइज्ड' अशी कर्मणी रूपे आहेत. 'इंटिमिडेटेड' हा 'टिमिड'चाच भाऊ. फरक इतकाच की त्याच्या वाक्यात भीती घालणाऱ्याला जागा ठेवावी लागते. विद्यार्थ्याने तो शब्द लिहिला की परीक्षकाने समासात 'कोणी?' असे लिहावे. उत्तर द्यावयाचे झाल्यास त्यास सावकाराचे व्याजाचे दर, लग्नकर्जाचे करार आणि जंगलखात्याचे नियम चाळावे लागतील, आणि त्यांची दप्तरे पाहण्यास ठाण्याहून मुंबईचे पुराभिलेखागार गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे.